हजारामागे चाळीस

कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी,
पत्र्याच्या पेटीत दोन चकत्या आहेत, एकीवर एक.
दोन्हींतून एका दमात आरपार गेला
तरच तो कण मोजायचा.
एकीतूनच गेला, तर नाही.
हत्तुरे मॅडमनी हे पहिल्याच दिवशी शिकवलं
आणि पेटीवर खडूनं लिहायला लावलं: बसू नये.

तासाला एकवीस हजार, थोडे इकडेतिकडे.
फुटलेल्या ताऱ्यांचा चुरा म्हणे,
कुठून कुठून येऊन आपल्या हवेवर आपटतो,
आणि त्याच्या ठिकऱ्या
टाकीतून, माझ्या टाळूतून, स्लॅबमधून,
खाली स्टाफरूममध्ये पेंगणाऱ्या मद्रे सरांमधून
निघून जातात.
सरांना सांगितलं तर म्हणाले,
पगारातून काही जात नाही ना, मग जाऊ दे.

मे महिना. रात्री अकरालाही कठड्याला हात लावावत नव्हता.
सूर्यानं दोन दिवसांपूर्वी काहीतरी ओकलं होतं
आणि ते आता पोचलं होतं.
लडाखात आकाश लाल झालं, असं मोबाईलवर आलं.
सोलापुरात लाल म्हणजे
पलीकडच्या गच्चीवर कुणाच्या तरी विडीचं टोक.

मला वाटलेलं, वादळ म्हणजे आकडा चढणार.
गारांसारखा, पत्र्यावर.
तो उतरला.

वायर हलवून पाहिली. बॅटरी बदलली.
हवेचा दाब लिहिला, त्याचा हिशेब वजा केला.
तरी कमीच.
हजारामागे चाळीस कमी.

मॅडम फोनवर म्हणाल्या, येमूल, पेटीला हात लावू नकोस,
पेटी बरोबर आहे.
मग त्यांनी समजावलं ते मी असं समजलो:
आपण मच्छरदाणीत झोपलोय.
सूर्याकडून सोसाट्याचा झोत येतो,
बाहेरचे डास लांब उडवून लावतो.
पण त्याच झोतानं मच्छरदाणीही सैल पडते,
एरवी जे आत शिरू शकत नव्हते
त्यांतले चार-दोन शिरतात.
पहाटे तीनला आकडा दीडशेनं वर आला होता, जरासाच.
तेच का, मी विचारलं.
असेल, म्हणाल्या, पण यावर पैज लावू नकोस.

पडायला सहा तास लागले.
चढायला आठ दिवस.
मी रोज लिहीत होतो. रोज किंचित.

नवव्या दिवशी घरी आईचं जुनं कार्ड सापडलं,
रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये, मागे चिकटलेलं.
विडी कारखान्याचं. दिवसाचा माल, सही, शिक्का.
१०००, १०००, १०००,
आणि मार्चात एके दिवशी ९६०.
मग ९६५. ९७०. ९७०. ९८५.
हजार पुन्हा लागायला महिना उजाडला.
मी तेव्हा चौथीत.
अप्पा त्या आठवड्यात घरी होते,
की पहिल्यांदा भिवंडीला गेले ते तेव्हाच?
की गिरिजाच्या आधीचं ते एक,
ज्याचं नाव ठेवलं नव्हतं?
मला काहीच आठवत नाही.
माझ्यातून गेलंच नाही ते.

आई दारात सूप मांडीवर घेऊन बसलेली.
कार्ड तिच्यासमोर धरलं.
तिनं पाहिलं की नाही कोण जाणे,
बोटं थांबली नाहीत.
"एमो," म्हणाली. काय माहीत.
आणि तीन विड्या वळून झाल्यावर:
"पत्ता ओला असेल."

असेल.
वेधशाळेत ओळखीचं कुणी असेल तर विचारायला हवं,
त्या मार्चात सोलापूरच्या हवेत दमटपणा किती होता.
तेवढा आधी वजा करतो.